काकड्या मोडणाऱ्या मुलीचं अकरावीत काय करायचं?

प्रश्न: मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली. दिवाळीपासून ती चार मैत्रिणींबरोबर मोबाइलवर भुताचा विनोदी सिनेमा करते आहे, तो अजून अर्धाच आहे. रात्री पंखे-फ्रीज बंद करायला लावते (एकदा दूध नासलं), बाथरूममध्ये काकड्या मोडून आवाज रेकॉर्ड करते. ‘आर्ट्स घेऊन सिनेमाच करणार’ म्हणते. तिला सायन्स घ्यायला लावावं का? आणि हा सिनेमा थांबवावा का? (एक पालक, कराड)

नमस्कार. सिनेमा थांबवू नका, तो पुरा करायला लावा. शाखेबद्दलचं उत्तर तुमच्याच तक्रारीत आहे. पाच जणींच्या गटात पंखा बंद करायला लावणारी आणि हाड मोडल्याच्या आवाजासाठी काकड्या मोडणारी तुमची मुलगी आहे. सिनेमासाठी असे आवाज वेगळे तयार करण्याच्या कामाला फोली म्हणतात आणि ते ध्वनी विभागात येतं. पुण्याच्या एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया) या संस्थेत दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. ध्वनीसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं. म्हणून सायन्स घेणं तिच्या फायद्याचं आहे, पण ‘सिनेमाचं खूळ जाईल’ म्हणून नव्हे, हे तिला नीट सांगा. गणित-भौतिकशास्त्र अजिबात झेपत नसेल तर ओढाताण करू नका. आर्ट्स घेऊनही दिग्दर्शन आणि संकलनाची वाट खुली राहते. बारावीनंतर लगेच काही हवं असेल तर मुंबई विद्यापीठाची बीएएमएमसी ही मल्टिमीडिया आणि जनसंवादाची पदवी आहे, तिला शाखेची अट नाही. अर्ज करण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचाच.

आता सिनेमा. असे सिनेमे अर्धे राहतात ते बहुतेक वेळा लांबीमुळे. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. नवख्या गटाची दिवसाला दोन-तीन पानंच होतात. तीस पानं लिहिली असतील तर कापून सातवर आणा. एक घर, एक रात्र, एक भूत. उरलेलं चित्रीकरण सलग तीन दिवसांत उरका, कारण महिने गेले की केस वाढतात, शर्ट बदलतात आणि शॉट जुळेनासे होतात. रक्ताचे डाग पडणाऱ्या शर्टाच्या दोन प्रती ठेवा. रक्तासाठी एक वाटी लिक्विड ग्लुकोज, पाव वाटी पाणी, खाण्याचा लाल रंग आणि अर्धा चमचा कोको पावडर. कोको नसेल तर कॅमेऱ्यात ते सरबतासारखं गुलाबी दिसतं. हा रंग कपड्यांवरून सहज जात नाही आणि ग्लुकोजला मुंग्या लागतात, तेव्हा जमिनीवर आधी प्लॅस्टिक अंथरा.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसत असतील तर मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर चालतो आहे आणि त्याचं शटर विजेशी जुळत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा.

पण भय आणि हसू, दोन्ही शेवटी आवाजावर उभं राहतं. मोबाइल स्वतःच आवाजाची पातळी वरखाली करतो. शांतता आली की तो पातळी वाढवतो आणि भूत येण्याआधीच्या शांततेत पंख्याची घरघर ऐकू येते. मग किंकाळी आली की आवाज फाटतो. त्यामुळे तिचा पंखे बंद करण्याचा हट्ट बरोबर आहे. फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायला सांगा. निघताना किल्ली लागतेच, मग फ्रीज चालू करायचं विसरत नाही.

संवादासाठी दुसऱ्या मोबाइलला वायरचा कॉलर माइक लावा आणि तो तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. पातळी हाताने बदलता येईल असं ॲप वापरा, संवाद उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. किंकाळी वेगळी, दोन मीटरवरून घ्या. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवता येतात. प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प राहून ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. ती नसली तर संकलनात जोडाजोडीच्या जागी आवाजात खड्डे पडतात. काकडीऐवजी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाजर मोडून पाहा, आवाज जास्त हाडासारखा येतो. चित्र आणि आवाजाच्या जुळवणीला दाविंची रिझॉल्व्ह या संगणकावरच्या संकलन सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. विनोदानंतर सेकंदभर जागा सोडा, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडतं.

पुऱ्या झालेल्या छोट्या कामाला किंमत असते. अमेरिकेतल्या मिशिगनच्या सॅम रेमी या दिग्दर्शकाने शाळेपासूनच्या मित्रांना घेऊन १९७८ मध्ये सुमारे अर्ध्या तासाचा भयपट केला आणि तो दाखवूनच ‘द इव्हिल डेड’ या पहिल्या मोठ्या सिनेमासाठी पैसे उभे केले.

अकरावी सुरू व्हायच्या आत सात मिनिटं पुरी होऊ द्या. मग पाचही जणींना बसवून विचारा, पुढच्या सिनेमात कोणतं काम कोणाला हवं आहे. तुमच्या मुलीने तेव्हाही माइक मागितला, तर भौतिकशास्त्राचं पुस्तक तिला त्याच दिवशी आणून द्या.