आठवीच्या मुलांना क्रोमॅटोग्राफी (मिसळलेले रंग वेगळे करायची पद्धत) घरच्या सामानात कशी शिकवू?

काळ्या स्केचपेनने सुरुवात करा, परमनंट मार्कर नको, तो पाण्यात हलतच नाही. फिल्टर पेपरची पट्टी घ्या, खालून 2 सेंमीवर पेन्सिलने रेघ मारा (पेनने नाही, ती शाईपण वर चढते), रेघेवर बारीक ठिपका द्या आणि ग्लासात जेमतेम 1 सेंमी पाणी घेऊन पट्टी उभी लटकवा, ठिपका पाण्याच्या वरच राहायला हवा नाहीतर सगळा रंग पाण्यात उतरतो, बहुतेकांचं इथेच फसतं.

रंग सुटे व्हायला लागले की लगेच थिअरी सांगू नका, आधी विचारा सगळे एकत्र का नाही चढले? जो कागदाला जास्त चिकटतो तो मागे राहतो, जो पाण्यात जास्त विरघळतो तो पुढे जातो, हे मुलांच्या तोंडून यायला पाहिजे. मग आरएफ (रंगाने कापलेलं अंतर भागिले पाण्याने कापलेलं अंतर) काढायला लावा, रंग 6 सेंमी गेला आणि पाणी 8 सेंमी तर 0.75.

नंतर पालकाची पानं अ‍ॅसिटोनमध्ये वाटून तेच करा, ग्लासातही पाण्याऐवजी अ‍ॅसिटोन घ्या, हिरव्यातून पिवळा वेगळा निघतो! रशियन वनस्पतीशास्त्रज्ञ त्स्वेतने 1900 च्या दशकात पानांतले रंग खडूच्या भुकटीच्या नळीतून असेच वेगळे केले होते. फक्त अ‍ॅसिटोन पेट घेतं, गॅसपासून लांब आणि खिडकी उघडी ठेवून करा.