मुलीला स्ट्रिपिंग व्होल्टमेट्रीत प्रोजेक्ट करायचाय, स्कोप आहे का?

नमस्कार दादा,

तासगावहून तुम्ही लिहिलंय की मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला ॲनालिटिकलमध्ये एमएस्सी करून या स्ट्रिपिंग व्होल्टमेट्रीवरच, म्हणजे पाण्यातले अगदी थोडे धातू विजेनं मोजायच्या पद्धतीवर, प्रोजेक्ट करायचाय, आणि घरातले म्हणतायत गप बीएड कर.

स्पष्टच सांगतो, नोकरीच्या जाहिरातीत हे नाव फारसं दिसणार नाही, तिथं एचपीएलसी, जीसी, आयसीपी ही पदार्थ तपासायची मोठी मशीनंच मागतात. तरी मी तिला नाही म्हणणार नाही.

पद्धत भिशीसारखी आहे, थोडं थोडं जमवायचं आणि एकदम उचलायचं. पाण्यातलं शिसं इतकं कमी असतं की थेट पकडणं अवघड, म्हणून इलेक्ट्रोडला निगेटिव्ह व्होल्टेज देऊन काही मिनिटं सॅम्पल ढवळत ठेवायचं, धातू त्यावर जमतो, मग व्होल्टेज पॉझिटिव्हकडं नेलं की आधी झिंक, मग कॅडमियम, शिसं, तांबं असे ओळीनं सुटतात आणि प्रत्येकाचा आलेखावर वेगळा पीक, म्हणजे उंचवटा, येतो, पीक जेवढा मोठा तेवढा धातू जास्त. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा 10 पीपीबी, म्हणजे अब्जात 10 भाग, हे तंत्र 1 पीपीबीच्याही खाली जातं, आणि मशीन टेबलावर मावतं! चेक शास्त्रज्ञ हेरोव्हस्कीला ज्या पोलरोग्राफीसाठी, म्हणजे पाऱ्याच्या थेंबाचा इलेक्ट्रोड वापरून मोजायच्या तंत्रासाठी, 1959 चं नोबेल मिळालं त्याचंच हे पुढचं रूप. पूर्वी पारा लागायचाच, आता बिस्मथची फिल्मपण चालते.

आणि आपल्या सांगलीत हळदीचा एवढा बाजार. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट हे शिसं असलेलं पिवळं रसायन मिसळायची भेसळ देशात जुनीच आहे, म्हणजे शिसं तपासणारी माणसं लागणारच. पण पावडर तशीच घालून चालत नाही, आधी ॲसिडमध्ये डायजेस्ट करायची, म्हणजे पूर्ण विरघळवायची, आणि खरी गंमत तिथंच, भांडी नायट्रिक ॲसिडनं नीट धुतली नाहीत तर हळदीचं सोडून भांड्यातलंच शिसं मोजून बसाल. ब्लँक लावणं (सॅम्पलशिवाय तीच कृती करून बघणं), स्टँडर्ड ॲडिशन करणं (सॅम्पलमध्ये माहीत असलेला धातू घालून पुन्हा मोजणं), ही सवय जिला लागली ती एनएबीएलची मान्यता असलेल्या कुठल्याही लॅबमध्ये टिकते, मशीन कुठलंही असो.

त्यामुळं प्रोजेक्ट हा करू दे, पण सोबत एचपीएलसी आणि ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन या धातू मोजायच्या मशीनवर हात बसवायलाच सांगा. शिवाजी विद्यापीठ आहेच, आयआयटीसारख्या संस्थांत एमएस्सीला प्रवेश देणाऱ्या जॅम परीक्षेचा फॉर्मपण भरू दे, पुढं पीएचडीचं मनात आलं तर तमिळनाडूतल्या कराईकुडीची सेक्री ही इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचीच सरकारी संशोधन संस्था आहे. सुरुवातीला लॅबचा पगार बेताचाच असतो हे तिला आत्ताच सांगा. बीएड एमएस्सीनंतरही करता येतं.

ॲडमिशन घ्यायच्या आधी तिनं एकदा डिपार्टमेंटला जाऊन विचारावं, पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे इलेक्ट्रोडला व्होल्टेज देणारं मशीन, खरंच चालू आहे की कपाटात पडलाय, आणि नायट्रोजनचा सिलिंडर भरलेला असतो का, कारण नायट्रोजन सोडून सॅम्पलमधला ऑक्सिजन घालवल्याशिवाय बहुतेक वेळा रीडिंग धड येत नाही.