वाचक विचारतात : हीट पंप घ्यायचा, पण आधी बादल्या मोजा

प्रश्न : घरात आम्ही सहा जण. गच्चीवरचा जुना सोलर गळून गेला, तीन बाथरूममध्ये तीन गिझर चालतात. दुकानदार तीनशे लिटरचा हीट पंप सुचवतो आणि ‘बिल चौथाईवर येईल’ म्हणतो. घ्यावा का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : घ्या, पण तीनशेचा नको. आधी बादल्या मोजा. माणशी दोन, म्हणजे बारा बादल्या. वीस लिटरची धरली तर 240 लिटर पाणी. थंडीत टाकीतलं पाणी 18 अंशांवर असतं आणि अंगावर घ्यायला 42 पुरतात. म्हणजे 24 अंश चढवायचे. लिटर गुणिले अंश भागिले 860 केलं की युनिट मिळतात : 240 × 24 ÷ 860, साधारण 6.7 युनिट. गिझर एवढीच वीज खातो, वर थोडी वाया घालवतो.

हीट पंप पाणी विजेनं तापवत नाही. फ्रिज आतली उष्णता मागच्या बाजूला टाकतो, तसा हा हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला. एक युनिट वीज खाऊन किती युनिट उष्णता पाण्यात घातली, तो आकडा म्हणजे सीओपी. पत्रकावर तो 4 असतो, पण कोणत्या हवेत आणि किती तापमानाच्या पाण्यासाठी, हे बारीक अक्षरात असतं. ते विचाराच. हवा 10-12 अंश आणि पाणी 55 हवं, तेव्हा अडीच धरून चाला. मे महिन्यात चार मिळेल. या हिशेबानं थंडीत रोज चारच्या आसपास, उन्हाळ्यात पाणी मुळातच कोमट असल्यानं त्याहून कमी, वर्षाकाठी हजारभर युनिट वाचतात. ही बचत बिलाच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमधून कापली जाते, म्हणून सरासरी दरानं नाही, तुमच्या वरच्या दरानं गुणा. बारा रुपये दर पडत असेल तर वर्षाला बारा हजार. यंत्राच्या किमतीला या आकड्यानं भागा, म्हणजे किती वर्षांत वसूल होतं ते कळेल. आणि ‘चौथाई’ होईल ते फार तर पाणी तापवण्याचं बिल; पंखे, फ्रिज, टीव्ही आहेत तिथेच राहतात.

आता लिटर. टाकीतलं पाणी 55 अंशांचं असेल तर तुमच्या बारा बादल्यांना त्यातलं 155-160 लिटर लागतं, बाकी गार मिसळायचं. दोनशेच्या टाकीतून कोमट व्हायच्या आधी साधारण तेवढंच निघतं, आणि सगळे काही एकाच मिनिटाला आंघोळीला जात नाहीत. शॉवरखाली पंधरा मिनिटं उभे राहणारे दोघं असतील, तर मात्र तीनशे.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही : पाणी पहाटे तापवू नका. दोनशे लिटर 18 वरून 55 वर न्यायला 8.6 युनिट उष्णता लागते. यंत्राची तापवण्याची ताकद अडीच किलोवॉट असेल तर जवळपास साडेतीन तास. पहाटे हवा सर्वांत गार, म्हणजे सर्वांत वाईट वेळ. टायमर दुपारी दोन ते सहाला लावा. रात्रभरात चांगल्या टाकीचे तीन-चार अंश जातात, ते परवडतात.

घेताना टाकी कसली ते बघा. बोअरचं पाणी असेल तर साध्या स्टीलला क्लोराइडनं बारीक छिद्रं पडतात. काचेचा मुलामा दिलेली टाकी बरी, पण तिच्यात मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. तो टाकीऐवजी स्वतः झिजतो. वर्षातून एकदा उघडून बघा, आतली तार दिसायला लागली की बदला. यंत्रातल्या, फ्रिजसारख्या गॅसची नळी पाण्यात बुडवलेली नसून टाकीला बाहेरून गुंडाळलेली असेल तर तिच्यावर क्षार चढत नाहीत. आणि भरलेली टाकी यंत्रासकट पावणेतीनशे किलोच्या आसपास जाते; गच्चीवर बीमच्या जवळ ठेवा, कोबा फुटलेल्या कोपऱ्यात नको.

प्रश्न : आम्ही दोघंच, दोन बेडरूमचा फ्लॅट. हीट पंप परवडेल का? – वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही. चार बादल्यांत वर्षाला तीनशे युनिटसुद्धा वाचणार नाहीत. किंमत वसूल व्हायच्या आधी कॉम्प्रेसर म्हातारा होईल. पंधरा लिटरचा दोन किलोवॉटचा गिझर ठेवा, थर्मोस्टॅट 55 वर, आणि आंघोळीच्या वीस मिनिटं आधीच चालू करा. दिवसभर चालू ठेवू नका, एवढंच.

प्रश्न : दोनशे लिटरचा हीट पंप ड्राय बाल्कनीत बसवून दोन महिने झाले. बिल उतरलं नाही, पाणीही उशिरा तापतं. यंत्र खराब आहे का? – वाचक, सांगली

उत्तर : बहुधा यंत्र ठीक आहे, जागा चुकली आहे. ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावल्या आहेत का? यंत्र गार हवा बाहेर टाकतं. ती बाल्कनीतच कोंडली की तीच पुन्हा आत ओढली जाते, सीओपी कोसळतो. साधा थर्मामीटर घ्या. यंत्र अर्धा तास चालल्यावर हवा आत शिरते तिथे आणि खिडकीबाहेर, दोन्हीकडे मोजा. आतली हवा बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंशांनी गार निघाली तर हेच कारण. बाहेर पडणाऱ्या हवेला पाइप लावून तो काचेबाहेर काढा, किंवा यंत्र चालू असताना काच पूर्ण उघडी ठेवा.

दुसरा संशय आतल्या विजेच्या हीटरवर. बहुतेक यंत्रांत मदतीला दीड-दोन किलोवॉटची कॉइल असते. तापमान 65 वर किंवा ‘फास्ट’ मोडवर ठेवलं की ती लागते, मग तुम्ही महागडा गिझरच चालवत असता. घरातलं बाकी सगळं बंद करून तासाभरात मीटर किती फिरतो ते बघा : एक युनिटच्या आत असेल तर फक्त कॉम्प्रेसर चालतोय, दीडच्या पुढे गेला तर कॉइल चालू आहे. ‘इको’ मोड, 55 अंश. जंतू मारण्यासाठी आठवड्यातून एकदा 60 च्या वर नेणारी सोय असेल तर ती बंद करू नका.

बाथरूम लांब असेल तर तेही बघा. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरला पाव लिटर पाणी मावतं; पंधरा मीटरला जवळजवळ चार लिटर, दर वेळी गार होऊन वाया. पाइपाला नायट्राइल रबराचं आवरण घाला.

प्रश्न : नवीन यंत्राच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब थेंब गळतं. प्लंबर म्हणतो, बूच मारून टाकू. – वाचक, रत्नागिरी

उत्तर : बूच अजिबात मारू देऊ नका. दोनशे लिटर पाणी 20 वरून 55 अंशांवर गेलं की अडीच लिटरनं फुगतं. गार पाण्याच्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असल्यानं ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्हमधून निघतं. तोंड बंद केलं तर टाकी फुटू शकते. थेंबांसाठी नळी जोडून मोरीत सोडा, तिचं टोक उघडंच ठेवा. तापवणं थांबल्यावरही गळत असेल तर मात्र बहुधा पाण्याचा दाब जास्त आहे. प्रेशर पंप असलेल्या घरात हे हमखास होतं, तिथे प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह बसवून घ्या. खाली साचणारं वेगळं स्वच्छ पाणी दिसलं तर ते हवेतल्या दमटपणाचं, एसीसारखंच. तुमच्याकडे पावसाळ्यात ते जास्त निघेल. समुद्र जवळ असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी वीज बंद करून मागच्या जाळीवर साधं पाणी हलक्या धारेनं सोडा, मीठ धुऊन जाईल.