विधानसभा अध्यक्षांना मत देता येतं का?

एरवी नाही. राज्यघटनेच्या कलम १८९ नुसार अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाहीत. दोन्ही बाजूंची मतं समसमान झाली तरच त्यांचं निर्णायक मत पडतं. विधान परिषदेच्या सभापतींनाही हेच लागू. (आपल्या पुणे पदवीधर मतदारसंघातून निवडून जाणारा आमदार परिषदेत बसतो, तिथे अध्यक्ष नसून सभापती असतात. परीक्षेत इथे हमखास गोंधळ होतो.)

पण फक्त मतापुरतं वाचून थांबू नका. अध्यक्षांची खरी ताकद राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात आहे. १९८५ पासून पक्षांतर केलेला आमदार अपात्र ठरवायचा की नाही, हे तेच ठरवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या किहोटो होलोहान निकालाने हा निर्णय न्यायालयीन तपासणीखाली आणला, तरी आधी निर्णय व्हावा लागतो, आणि तो लांबवला की अपात्रतेचा धाकच संपतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साधारण तीन महिन्यांची अपेक्षा सांगितली. महाराष्ट्रातल्या २०२२ च्या अपात्रता याचिकांचा निकाल मात्र जानेवारी २०२४ मध्ये लागला. माझ्या मते हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जायला हवं. निवडून आल्यावरही पक्षातच राहणाऱ्या माणसाकडून पूर्ण तटस्थता मागणं त्या पदावरही अन्याय आहे.

पदावरून दूर करायचं तर १४ दिवसांची नोटीस आणि सभागृहातल्या तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताचा ठराव लागतो.