हातातलं काम

पोरा,

तुझं पत्र रविवारी मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडकलो. "काका, पायदळ मागितलं होतं, पदरात सॅपर्स पडलं. आता जन्मभर रस्ते नि पूल. शौर्यपदक राहिलं बाजूला."

खडकीत, सॅपर्सच्याच केंद्रात राहून तू हे लिहितोस? राम राघोबा राणे तुझ्याच बॉम्बे सॅपर्सचे, लष्कराच्या इंजिनिअर दलाचे. कारवारजवळच्या चेंडियाचा माणूस, १९४० साली साधा जवान म्हणून भरती झाला, ब्रह्मदेशात लढला. सेकंड लेफ्टनंट झाले डिसेंबर १९४७ मध्ये. चारच महिन्यांत काश्मीरच्या लढाईत नौशेरा-राजौरी रस्ता समोर आला. रणगाडे राजौरीला पोचवायचे होते आणि वाटेत सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, उडवलेल्या मोऱ्या. ८ एप्रिल १९४८ ला सुरुंग काढायला हात घालायच्या आतच मॉर्टरचा मारा आला. दोघे गेले, पाच जखमी, त्यांत राणे स्वतः. उरलेली माणसं गोळा केली आणि कामाला लागले. त्या रात्री दहापर्यंत मशीनगनच्या माऱ्यात रणगाड्यांसाठी वळणवाट करत होते. ९ ला पहाटे सहाला पुन्हा तिथंच, दुपारी तीनला वाट तयार. पुढं झाडं आडवी; उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं, पुन्हा उडवली. १० ला पावणेपाचला सुरुवात. ११ ला अकरा वाजता राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत रस्ता मोकळा झाला, तरी रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता साफ करत राहिले. १२ ला राजौरी हाती आली.

परमवीरचक्र मिळालं ते ह्याला. रस्त्याला! हातातलं काम पुरं करण्याला. ह्या सगळ्यात संगीन कुठं दिसली का तुला?

रागावतोय असं वाटेल. रागावतोच आहे, कारण तुझ्या वयात मीही पदकाकडेच बघत होतो.

२००२ सालची गोष्ट. सीमेवर पेरलेले सुरुंग काढायचं काम होतं, वाळूचा मुलूख. नोंदवहीत ओळीत जेवढे, तेवढे हाती यायला हवेत. एक कमी भरला. उजेड गेला होता. मी निशाण रोवलं आणि म्हटलं, सकाळी बघू. रात्री वारा सुटला, निशाण वाळूखाली गेलं, आणि सकाळी माझ्या जोडीदाराचा उजवा पाय गेला.

अंधारात वाळू टोचत बसायचं नसतं, हा नियम आहे. चौकशीत तेच निघालं. माझी चूक नव्हती. हे मी घरी सांगितलं, गावात सांगितलं, आणि आत्ता तुलाही सांगतोय, बघ. पण उजेड असताना चहा आला म्हणून मी अर्धा तास हात झाडून बसलो होतो. तो अर्धा तास चौकशीत कुणी विचारला नाही. जोडीदार दर दिवाळीला फोन करतो, मुलांची चौकशी करतो. त्या दिवसाचा शब्द काढत नाही.

म्हणून म्हणतो, हातातलं काम पुरं कर. धीटपणा तुझ्यात आहेच. तुझ्या आजोबांना मी ओळखत होतो, त्याची काळजी मला नाही. काळजी आहे ती चहा आल्यावर तू काय करशील याची. बदलीचा अर्ज लिहायचा तर लिही, पण ज्या दिवशी लिहिशील त्या दिवशीचं हातातलं काम आधी पुरं कर.

सुट्टी मिळाली की थेट इकडं ये. काकू भाकरी करेल. अंगणात वाळूचा ढीग आहे, तिथं प्रॉडर, सुरुंग टोचून शोधायची ती सळई, कसा धरतोस ते दाखव. तीस अंशांचा कोन, हात हलका. मी मध्येच चहाला हाक मारीन. उठू नकोस.

तुझा,
काका