आधी कड बघ, मग चेहरा

चि.स अनेक उत्तम आशीर्वाद.

अठराव्या शतकातली इंग्रजी तांब्याची टोकनं, म्हणजे खासगी मालकांनी नाण्यांच्या जागी काढलेल्या चकत्या, जमवायची म्हणतोस, तर जमव. पण चकचकीत दिसेल ते उचलायची घाई करू नकोस.

ही टोकनं निघाली ती सरकारच्या हलगर्जीपणातून. 1775 नंतर लंडनच्या टांकसाळीने तांब्याची नाणी पाडणं बंद केलं. कारखाने वाढत होते, मजुरांना पगार द्यायला सुटे नव्हते आणि बाजारात बनावट अर्ध्या पेनीचा सुळसुळाट होता. 1787 मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन (Parys Mine) कंपनीने स्वतःच्या खाणीच्या तांब्याची पेनी काढली. एका बाजूला ओकच्या पानांच्या वेलीत दाढीवाला ड्रुइड, म्हणजे तिथला प्राचीन पुरोहित, दुसऱ्या बाजूला पेनी देण्याचं वचन. हे वचन कुठे वटेल, ते कोरलंय कडेवर: लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी. लोखंडाच्या कारखान्याचा मालक जॉन विल्किन्सन याने तर राजाच्या जागी बेधडक आपलाच चेहरा छापला!

म्हणून टोकन हातात आलं की भिंग आधी कडेवर धर. पैसे मिळण्याचा पत्ता बहुतेक वेळा तिथेच असतो. छापाशी काडीचा संबंध नसलेल्या गावाचं नाव दिसलं, तर सावध हो. पुढे शौकिनांची झुंबड उडाल्यावर विक्रेत्यांनी वाटेल त्या दोन ठशांची जोडी लावून माल काढला. लंडनचा जहाल पुस्तकविक्रेता थॉमस स्पेन्स त्यात पुढे होता. त्याची टोकनं मला मजेशीर वाटतात, पण पहिल्या वर्षी नकोत. हातोहाती फिरून झिजलेली विल्किन्सनची अर्धी पेनी घे. कोरी करकरीत नसली तरी तिने खरोखर कुणाची तरी भाकरी आणलेली असते.

डाल्टन आणि हॅमर यांची या टोकनांची सूची परगण्यांनुसार लावलेली आहे. तूही एकच परगणा धर. चिंच, पितांबरी यांना हात लावायचा नाही. घासून लाल केलेल्या तांब्याला जाणकार विचारत नाहीत. पीव्हीसीच्या पाकिटांनी हिरवट चिकटा धरतो, त्यापेक्षा साधी कागदी पाकिटं बरी.

आणि बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनचं काम बघायचं, तर इंग्लंडकडे डोळे लावायला नकोत. 1797 मध्ये त्याने सरकारसाठी जाडजूड पेनी पाडली, पण त्याआधीच, 1791 आणि 1794 मध्ये, त्याच्या सोहो टांकसाळीने मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीचे पैसे पाडले होते. एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्यात फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय. जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनांत असे पैसे दिसतात. एखादा मिळाला तर घेऊन ये, सोबत बसून बघू.