मधल्या थांब्याचे तास

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हटकून असतो. दोन विमानांच्या मध्ये सात-आठ तास काढायचे आहेत, सोबत मुलं किंवा वयस्कर माणसं आहेत, तर काय करावं? विमानतळावरच्या ट्रान्सफर काउंटरवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. अर्धवट झोपेतली मुलं, सुजलेल्या पायांच्या आजी आणि एकमेकांवर वैतागलेले आईवडील मी रोज समोरून पाहिले. त्यामुळे या अंकातली सगळी जागा याच प्रश्नांना देते आहे.

प्रश्न : माझी मुलं सहा आणि दोन वर्षांची आहेत. दोह्याला रात्री अकराला उतरायचं आणि पुढचं विमान सकाळी आठला. नवरा म्हणतो, एवढा सुंदर विमानतळ आहे, मस्त फिरू. मला मात्र मुलांच्या झोपेची धास्ती वाटते. — एक आई

धास्ती रास्त आहे. आधी झोप, मग फिरणं, हा क्रम काही झालं तरी मोडू नका. कुटुंबाचा थांबा नेहमी सगळ्यांत आधी दमणाऱ्या माणसाच्या घड्याळाने आखावा आणि तुमच्याकडे ते माणूस दोन वर्षांचं आहे. ते झोपलं तर चौघांची रात्र नीट जाईल. ते जागं राहिलं तर पुढच्या विमानात शेजारच्या रांगांनाही त्याचा त्रास होईल.

पैशांची सोय असेल तर या रात्रीच खर्च करा. दोह्याच्या हमाद विमानतळावर ट्रान्झिट भागातच ओरिक्स एअरपोर्ट हॉटेल आहे. तिथे जायला इमिग्रेशन ओलांडावं लागत नाही. खोली मात्र आधी आरक्षित करा, ऐन वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. आणखी एक गोष्ट फार कमी लोक विचारतात. थांबा लांब असेल आणि त्याच कंपनीचं त्याआधीचं जोडविमान उपलब्ध नसेल, तर काही विमान कंपन्या स्वतः हॉटेलची सोय करतात. हे तिकीट काढण्याआधी विचारायचं असतं. काउंटरवर आमच्यासमोर उभं राहून विचारणाऱ्यांना आम्ही बहुतेक वेळा काहीच देऊ शकत नसू आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

हॉटेल जमणार नसेल तर जागा नीट निवडा. लोक रिकामी खुर्ची दिसली की बसतात. तुम्ही आधी निर्गमनाचा स्क्रीन बघा आणि पुढचे तीन-चार तास ज्या गेटांवरून एकही विमान सुटणार नाही, त्यांच्या आसपासचा भाग शोधा. तिथे गर्दी होणार नाही, बॅगांची चाकं खडखडणार नाहीत. दिव्याखालची, सरकत्या जिन्याजवळची आणि खाण्याच्या दुकानांसमोरची जागा टाळा. कोपरा किंवा भिंत मिळाली तर उत्तम : धाकट्याला भिंतीकडे घ्या, बाहेरच्या बाजूला तुम्ही. बॅगेचा पट्टा स्वतःच्या पायात अडकवून ठेवा. शांत खोल्या आहेत, पण त्या पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या वेगळ्या असल्याने चौघांना एकत्र राहता येत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मुलांना सरळ आडवं करू नका. आधी बाथरूममध्ये न्या, तोंड धुवा, दात घासा, रात्रीचे कपडे आणि पायमोजे घाला, घरी म्हणता तेच गाणं म्हणा. मुलाला विमानतळ कळत नाही, पण दात घासले की झोपायचं असतं हे कळतं. हे मी किती आयांना सांगितलं असेल! ज्यांनी ऐकलं, त्यांची मुलं बाकड्यावरही गाढ झोपलेली मी पाहिली आहेत. विमानतळावरची हवा रात्री गार असते, म्हणून एक पातळ पांघरूण केबिन बॅगेत हवंच. पाणीही पाजा, कारण विमानातल्या हवेत आर्द्रता साधारण वीस टक्क्यांच्याही खाली असते आणि मुलं किरकिर करतात ती पुष्कळदा तहानेने.

तुम्ही दोघं आळीपाळीने झोपा. गजर दोन फोनवर लावा, पण त्याआधी फोन स्थानिक वेळ दाखवतो आहे ना, ते तपासा. फ्लाइट मोडमध्ये राहिलेला फोन निघालेल्या ठिकाणचीच वेळ दाखवत राहू शकतो आणि बोर्डिंग पासवरची वेळ कायम त्या-त्या विमानतळाची असते. घोषणा ऐकू येईल या आशेवरही राहू नका. दुबईसारख्या विमानतळांवर बोर्डिंगच्या घोषणाच होत नाहीत, सगळं स्क्रीनवर बघावं लागतं.

पहाटे पाचला उठलात तरी फिरायला भरपूर वेळ उरतो. ऊर्स फिशर या शिल्पकाराचं पिवळं ‘लॅम्प बेअर’ मधल्या मोठ्या दालनात बसलेलं आहे. सात मीटर उंचीचं हे अस्वल आणि त्याच्या डोक्यातून निघालेला दिवा. धाकटं ते बघून गप्पच होईल. टॉम ओटरनेस यांची ब्राँझची शिल्पं तर मुलांनी चढावं-खेळावं म्हणूनच केलेली आहेत. त्यातून वेळ राहिला तर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘द ऑर्चर्ड’ ही छताखालची बाग बघा. झाडांमधून एक फेरी मारली की मुलांचे पायही मोकळे होतील. म्हणजे तुमच्या यजमानांचंही फिरणं झालं, फक्त झोपेनंतर.

स्ट्रोलर विमानाच्या दारात देणार असाल तर टॅग लावतानाच विचारा की तो दोह्यात हातात मिळणार आहे की थेट शेवटच्या गावी. हे न विचारल्यामुळे झोपलेलं मूल कडेवर घेऊन रात्रभर फिरणारे बाप मी पाहिले आहेत.

प्रश्न : आईवडील सत्तरीच्या पुढचे आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, आईला मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे. मध्ये सहा तासांचा थांबा आहे. व्हीलचेअर मागितली की सगळं निभावतं असं ऐकलं, खरं का? — एक मुलगा

विमानापासून विमानापर्यंतचं निभावतं. मधल्या सहा तासांचं तुम्हालाच बघावं लागेल.

व्हीलचेअरची मागणी निदान ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवा आणि बाबांना नेमकं काय जमतं ते स्पष्ट सांगा. लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, यासाठी ‘डब्ल्यूसीएचआर’ हा कोड असतो. पायऱ्याही चढवत नसतील तर ‘डब्ल्यूसीएचएस’. हा फरक बारीक वाटतो, पण विमान इमारतीला न लागता दूर उभं राहिलं तर शिडीच्या पायथ्याशी तोच कामाला येतो. लोक संकोचाने कमी सांगतात आणि मग त्या शिडीसमोर म्हातारं माणूस हतबल होऊन उभं राहतं. संकोच करू नका.

उतरल्यावर मदतनीस बाबांना साहाय्य कक्षात नेऊन बसवतो आणि निघून जातो. गेटवर न्यायला दुसरा कोणीतरी, बोर्डिंगच्या सुमारास येतो. मधले तास माणूस त्या खुर्चीतच. पाणी कमी पितात, कारण बाथरूमला कोण नेणार हा प्रश्न असतो. अनेक म्हाताऱ्यांनी मला हे हळू आवाजात सांगितलं आहे. म्हणून मदतनीस जाण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा : न्यायला किती वाजता येणार, कोणी आलंच नाही तर कोणाला सांगायचं आणि सगळ्यांत जवळचं बाथरूम कुठे आहे. तुम्ही सोबत असाल, तर दर तासाला बाबांना धरून चार पावलं चालवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मूळ धोका लहान आहे, पण सत्तरीच्या पुढे आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तासन्‌तास एका जागी बसणं बरं नव्हे. चालवत नसेल तेव्हा बसल्या बसल्या घोटे वरखाली करू द्या.

आईचं इन्शुलिन चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं, शिवाय बॅग चुकली तर पंचाईत. ते हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. वेळ बदलणाऱ्या प्रवासात डोस कधी आणि किती घ्यायचा, याचं कागदावरचं वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडूनच करून घ्या. विमानतळावरच्या घड्याळाकडे बघून जेवणाची वेळ ठरवू नका. शेवटचं खाणं होऊन किती तास झाले, ते मोजा. तिला चालतं असं काहीतरी कायम हाताशी असू द्या.

प्रश्न : सिंगापूरला आठ तास आहेत, सोबत बारा वर्षांची मुलगी. शहरात जावं की विमानतळावरच थांबावं? — एक बाबा

आधी व्हिसा. तुमच्या पासपोर्टवर बाहेर पडता येतं का, हे निघण्यापूर्वीच अधिकृत संकेतस्थळावर तपासा. मग उलटं मोजा. आठ तासांतून परत येऊन सुरक्षा तपासणी आणि गेट गाठायला निदान अडीच तास काढा, उतरून इमिग्रेशनमधून बाहेर पडायला तास-दीड तास, जायला-यायला आणखी एक. हातात तीन तास उरतात. तेवढ्यात एकच ठिकाण बघा. थांबा सहा तासांहून कमी असेल तर मुलांना घेऊन शहरात जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

व्हिसाची अडचण नसेल आणि स्वतः धावपळ नको असेल तर चांगी विमानतळाची मोफत सहल आहे. त्यासाठी थांबा साडेपाच ते चोवीस तासांचा लागतो. इस्तंबूललाही तुर्की एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी सहा ते चोवीस तासांच्या थांब्यात अशी सहल असते. दोन्हीकडे परत आणून सोडायची वेळ ठरलेली असल्याने पालकांचा जीव टांगणीला लागत नाही.

बाहेर पडता आलं नाही तरी हिरमुसू नका. चांगीच्या टर्मिनल तीनमध्ये ट्रान्झिट भागातच फुलपाखरांची बाग आणि मोफत सिनेमागृह आहे. २०१९ मध्ये उघडलेल्या ‘ज्युएल’ या विमानतळालगतच्या मॉलमधला चाळीस मीटरचा धबधबा मात्र इमिग्रेशनच्या पलीकडे आहे. तरीही टर्मिनल दोन आणि तीनमधली स्कायट्रेन ज्युएलच्या आतूनच जाते, तेव्हा खिडकीतून तो दिसतो. मुलीला खिडकीची जागा द्या.

प्रश्न : दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडली म्हणून काढली आहेत. मध्ये पाच तास आहेत. सामान आपोआप पुढे जाईल ना? — एक वाचक

गृहीत धरू नका. दोन वेगळ्या तिकिटांवर सामान बहुधा मध्येच उतरतं. ते घेऊन, बाहेर येऊन, पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी साधारणपणे जबाबदारी घेत नाही. कुटुंब सोबत असताना त्या स्वस्ताईपेक्षा एकाच तिकिटावरचं सलग आरक्षण मला केव्हाही बरं वाटतं. तुमची तिकिटं निघालीच आहेत, तर निघताना चेक-इन काउंटरवर थेट विचारा आणि बॅगेला लावलेल्या टॅगवरची तीन अक्षरं स्वतः वाचा. ती शेवटच्या विमानतळाची असतील तरच बॅग पुढे जाईल. अमेरिकेतून पुढे जाणार असाल तर तिथे इमिग्रेशन टाळून विमान बदलायची सोय नाही. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतोच आणि पहिल्या विमानतळावर बहुतेक वेळा बॅग उतरवून घेऊन पुन्हा द्यावी लागते, टॅग शेवटच्या गावाचा असला तरी.